बाळाच्या रक्तात अमोनिया वाढतो तेव्हा: मेंदू वाचवण्यासाठी कुणी, कधी, काय करायचं

पूर्ण दिवसांचं बाळ. वजन चांगलं, जन्मल्याबरोबर रडलं, पहिल्या दिवशी आईला छान ओढून प्यायलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी म्हणते, "आज फारच झोपतंय गं हे." तिसऱ्या दिवशी पाजायला घेतलं तर तोंड उघडत नाही. उलटी होते, अंग गार लागतं, श्वास मात्र भराभर चाललेला. डॉक्टर जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू करतात. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर असतो. कधीतरी तो चुकतो, आणि हा लेख त्या कधीतरीबद्दल आहे.

आपल्याकडे पाचवी पुजतात, त्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणतात. जुन्या काळी त्या दिवसांत दगावणारी बाळं बहुतेक धनुर्वातानं आणि जंतुसंसर्गानं जायची. पण "त्यांच्याकडे मुलगे टिकत नाहीत, चार-पाच दिवसांत जातात" असं ज्या घरांबद्दल बोललं जायचं, त्यातल्या काही घरांत यकृतातलं एखादं एन्झाइम कमी असणार, असं मला नेहमी वाटतं. म्हणून नवजात विभागात काम करताना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो: आईच्या माहेरी कुणाचा मुलगा लहानपणी, कारण न कळता गेला होता का?

अमोनिया मेंदूत करतो काय

प्रथिनांचं विघटन झालं की त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो. यकृत त्याचा युरिया बनवतं आणि युरिया लघवीवाटे जातो. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडलं. त्यातलं एखादं एन्झाइम जन्मतः कमी असलं, तर अमोनिया साठत जातो. या गटातले आजार सगळे मिळून साधारण ३५,००० जन्मांमागे एका बाळात आढळतात. त्यात सर्वांत जास्त दिसते ती ओटीसी या एन्झाइमची कमतरता. पोटात असताना बाळाचा अमोनिया नाळेवाटे आईकडे जातो आणि आईचं यकृत तो निस्तरतं, म्हणून बाळ जन्मतः ठणठणीत असतं. नाळ कापली, दूध सुरू झालं, की सगळा भार त्याच्या स्वतःच्या यकृतावर येतो. एक-दोन दिवस बरे जातात ते त्यामुळेच.

अमोनिया रक्तातून मेंदूत सहज शिरतो. मेंदूत युरियाचं पूर्ण चक्र नसतं. तिथल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, अमोनिया आणि ग्लुटामेट यांना जोडून ग्लुटामिन तयार करतात. ही त्यांची बचावाची रीत. पण पेशीत ग्लुटामिन साठलं की ते पाणी ओढून घेतं, पेशी फुगते आणि मेंदूला सूज येते. बाळाची टाळू फुगलेली, ताणलेली लागते ती त्यामुळे. मात्र तोवर बराच उशीर झालेला असतो.

मोठ्या माणसाचं यकृत बिघडून अमोनिया चढला तर तो गुंगतो, बरळतो, आणि उपचारांनी पुष्कळदा पुन्हा शुद्धीवर येतो. बाळाच्या मेंदूत नुकसान वेगळं होतं. तिथे चेतातंतू वाढत असतात, त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण चढत असतं, पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात. अमोनिया पेशींची ऊर्जा तोडतो, क्रिएटिन कमी करतो, संदेशांची ये-जा बिघडवतो. बांधून झालेल्या घरात पाणी शिरलं तर उपसता येतं. जोतं ओलं असताना शिरलं तर भिंतीच वाकड्या उठतात. अमोनिया १००० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेला असेल किंवा बेशुद्धी तीन दिवसांहून जास्त टिकली असेल, तर पुढच्या वाढीवर गंभीर परिणाम राहण्याची शक्यता फार असते. म्हणजे अमोनिया किती चढला याइतकंच तो किती वेळ चढलेला राहिला हेही मोजायचं.

पायरी पहिली: शंका घ्या, आणि तीही पहिल्याच तासात

घरच्यांसाठी: नवजात बाळ दोन वेळा लागोपाठ प्यायला उठत नसेल, उठवूनही चोखत नसेल, उलट्या करत असेल, अंग ढिलं किंवा गार पडलं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. "बाळं झोपतातच" हे खरं आहे, पण भुकेलं बाळ झोपून राहत नाही. घरच्या घरी गुटी, मध, साखरपाणी काही चाटवू नका आणि स्वतःच्या मनानं आईचं दूधही तोडू नका. सरळ रुग्णालय गाठा.

डॉक्टरांसाठी एक खूण, माझ्या मते सगळ्यांत मोलाची. अमोनिया श्वसनकेंद्राला डिवचतो, म्हणून बाळ धापा टाकतं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. जंतुसंसर्गानं खंगलेल्या बाळाचं रक्त बहुधा आम्लाकडे झुकतं. इथे छाती स्वच्छ, श्वास भरभर आणि पीएच चढलेला, म्हणजे रक्त आम्लाच्या उलट, अल्कलीकडे झुकलेलं. मलूल बाळाच्या रिपोर्टमध्ये असा पीएच दिसला तर अमोनिया पाठवलाच पाहिजे. उलट बाजूही ध्यानात ठेवा: प्रोपिऑनिक किंवा मिथाइलमॅलॉनिक ॲसिडेमियासारख्या आजारांत अमोनिया चढतो आणि रक्त आम्लही असतं. त्यामुळे पीएच उतरलेला आहे म्हणून अमोनियाचा विचार सोडून द्यायचा नाही.

माझं म्हणणं साधं आहे. नवजात बाळ कारण न कळता मलूल झालं आणि रक्ताचं कल्चर पाठवायला सुई टोचलीच आहे, तर त्याच सुईतून अमोनियाची नळीही भरा. अँटिबायोटिक द्या, ती थांबवू नका. पण "दोन दिवस अँटिबायोटिक देऊन बघू, नाही सुधारलं तर अमोनिया" या क्रमात मेंदूचे दोन दिवस जातात.

पायरी दुसरी: नमुना नीट घ्या, नाहीतर आकडा फसवेल

अमोनियाची तपासणी नाजूक. घट्ट पट्टा बांधून, पिळून रक्त काढलं, नमुना बाकावर पडून राहिला, तांबड्या पेशी फुटल्या, तर आकडा खोटाच वर जातो. मग कुणीतरी म्हणतं "नमुन्याचा दोष असेल", आणि खरा चढलेला आकडाही त्याच वाक्यानं बाजूला पडतो. म्हणून:

- शिरेतून किंवा धमनीतून आपोआप वाहणारं रक्त घ्यायचं. टाचेतून पिळून नाही.
- ईडीटीए किंवा लिथियम हेपरिनची नळी, लगेच बर्फात. नुसता बर्फाचा खडा नको, बर्फ आणि पाणी एकत्र.
- प्रयोगशाळेला आधी फोन. पंधरा मिनिटांत नमुना पोचवायचा, पोचताच प्लाझ्मा वेगळा करायचा.
- आकडा चढलेला आला तर दुसरा नमुना जरूर पाठवा, पण त्याच्या निकालासाठी उपचार अडवू नका.

आता एककांचा घोळ. आपल्याकडच्या काही प्रयोगशाळा मायक्रोमोल प्रति लिटर लिहितात, काही मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्याला १.७ नं गुणलं की दुसरं मिळतं. फोनवर "अमोनिया दीडशे आहे" एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही: दीडशे मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ८८ मायक्रोमोल, नवजात बाळाला चालण्यासारखे; दीडशे मायक्रोमोल म्हणजे काळजीनं पुन्हा तपासण्यासारखे. सुदृढ नवजात बाळात ११० मायक्रोमोलपर्यंत आकडा असू शकतो, दुसऱ्या कारणानं आजारी असलेल्यात १८० पर्यंत. २०० च्या वर गेला तर चयापचयाचा आजार धरूनच चालायचं. नवजात वय उलटल्यावर १०० च्या वरचा आकडाही दुर्लक्षू नये.

याच वेळी साखर, रक्तातले वायू, लॅक्टेट, यकृताच्या चाचण्या आणि लघवीतले कीटोन बघा. शक्य असेल तर उपचार सुरू होण्याआधीचा प्लाझ्मा अमिनो आम्लांसाठी आणि लघवी ऑरोटिक व सेंद्रिय आम्लांसाठी काढून गोठवून ठेवा. पुढचं निदान त्या दोन छोट्या बाटल्यांवर ठरतं.

पायरी तिसरी: मोठ्या केंद्राची वाट न बघता सुरू होणारे उपचार

तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिस नसेल, जनुकतज्ज्ञ नसेल. सलाइन आणि ग्लुकोज मात्र असतंच, आणि पहिल्या तासात त्याचाच उपयोग सर्वांत जास्त.

दूध आणि सर्व प्रथिनं थांबवा. दहा टक्के ग्लुकोज, त्यात योग्य सोडियम-पोटॅशियम घालून, शिरेतून सुरू करा. दर किलोमागे मिनिटाला ८ ते १० मिलिग्रॅम ग्लुकोज जाईल असा वेग. कारण उपाशी शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, आणि त्या प्रथिनांतूनही अमोनियाच निघतो. नुसतं दूध बंद करून बाळ कोरडं ठेवलं, तर एका हातानं दार लावून दुसऱ्या हातानं खिडकी उघडल्यासारखं होतं. रक्तातली साखर चढली तर ग्लुकोज तोडू नका, इन्सुलिन जोडा. प्रथिनं २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त बंद ठेवायची नाहीत. गरजेची अमिनो आम्लं मिळाली नाहीत की पुन्हा स्नायूच तुटू लागतात.

त्याच दमात मोठ्या रुग्णालयाला फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: नवजात बाळाचं डायलिसिस आज रात्री होईल का? सोडियम बेन्झोएट आणि आर्जिनिन (अमोनिया उतरवायला लागणारी औषधं) हाताशी आहे का? अमोनिया रात्रीही तपासता का? तीनपैकी एकालाही "नाही" आलं, तर त्याच वेळी दुसरं रुग्णालय शोधा. एका ठिकाणाहून दुसरीकडे आणि तिथून तिसरीकडे फिरण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. प्रवासात ग्लुकोज बंद पडू द्यायचं नाही. शीर फुगली तर गाडी थांबवून दुसरी शोधायची. बाळ गुंगत असेल तर श्वासनलिकेत नळी घालूनच पाठवणं बरं.

पायरी चौथी: अमोनिया बाहेर काढणं

औषधं काय करतात ते पालकांनीही समजून घेतलेलं बरं. सोडियम बेन्झोएट ग्लायसिन या अमिनो आम्लाला पकडतं, फेनिलब्युटिरेट शरीरात बदलून ग्लुटामिनला पकडतं, आणि दोन्ही त्यातला नायट्रोजन लघवीवाटे नेतात. बंद पडलेल्या युरियाच्या वाटेला हा वळणरस्ता आहे. चक्रातल्या बहुतेक दोषांत शरीराला आर्जिनिन बाहेरून लागतं, म्हणून तेही देतात. आर्जिनेज या आर्जिनिन फोडणाऱ्या एन्झाइमचीच कमतरता असेल तर मात्र नाही. कार्ग्लुमिक ॲसिड चक्राच्या पहिल्या एन्झाइमला चालना देतं. काही दोषांत त्यानं मोठा फरक पडतो, म्हणून निदान होईपर्यंत ते वापरून पाहतात.

आईबाप कधीकधी विचारतात, "बेन्झोएट म्हणजे आपण कोकम सरबतात घालतो तेच का?" तेच, पण औषधाच्या शुद्धतेचं आणि किलोमागे मोजून दिलेलं. किराणा दुकानातली पुडी इथे चालत नाही. शिरेतून द्यायचं रूप सगळीकडे मिळत नाही. तेव्हा डॉक्टर नाकातून घातलेल्या नळीनं पोटात देतात.

आकडा ५०० मायक्रोमोलच्या वर असेल, बाळ बेशुद्धीकडे जात असेल किंवा औषधं सुरू होऊन काही तासांत आकडा उतरत नसेल, तर डायलिसिस. हिमोडायलिसिस सर्वांत जलद, संथ अखंड डायलिसिस थोडं हळू पण आजारी बाळाला सोसणारं. पोटातून करायचं डायलिसिस त्याहून हळू, तरी दुसरं काही नसेल तर तेच करावं. संपूर्ण रक्त बदलून फारसा फायदा होत नाही. दर दोन-तीन तासांनी अमोनिया तपासायचा, आणि डायलिसिस थांबल्यावर तो उसळतो हे धरूनच चालायचं.

काय देऊ नये हेही तितकंच महत्त्वाचं. फिट आली म्हणून व्हॅल्प्रोएट नको, ते अमोनिया वाढवतं. स्टिरॉइड नको, ते स्नायू तोडतं. बेशुद्ध बाळाच्या फिट डोळ्यांना न दिसता चालू असू शकतात, म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, लावता आला तर लावा.

निदानाचं नाव

गोठवलेल्या नमुन्यांत सिट्रुलिन (युरियाच्या चक्रातलं एक अमिनो आम्ल) खूप चढलेलं असेल तर सिट्रुलिनेमिया. आर्जिनिनोसक्सिनिक आम्ल सापडलं तर त्या नावाचा आजार. त्यात पुढे केस ठिसूळ होऊन तुटतात. सिट्रुलिन फार कमी आणि लघवीत ऑरोटिक आम्ल जास्त, तर ओटीसी. सिट्रुलिन कमी आणि ऑरोटिकही कमी, तर सीपीएस (चक्राचं पहिलं एन्झाइम) किंवा नॅग्ज (त्याला चालना देणारा पदार्थ बनवणारं एन्झाइम) यांची कमतरता. जनुकीय चाचणीचा निकाल यायला आठवडे लागतात. उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत.

टाचेच्या रक्ताची नवजात चाळणी गोव्यानं २००८ साली सरकारी पातळीवर सुरू केली, महाराष्ट्रात अनेक खासगी रुग्णालयांत ती पैसे भरून करून मिळते. जरूर करावी. पण तिच्यावर विसंबू नये. चढलेलं सिट्रुलिन ती पकडते. ओटीसी आणि सीपीएस तिच्या हातून निसटू शकतात. शिवाय तीव्र आजारात निकाल येण्याआधीच बाळ बेशुद्ध झालेलं असतं. "चाळणी नॉर्मल आहे" या कागदावर मलूल बाळाचा अमोनिया टाळू नका.

मोठी मुलं, आणि बाळंतिणी

एन्झाइम थोडं शिल्लक असेल तर आजार वर्षानुवर्षं दडून राहतो. मूल डाळ, अंडं, मटण ताटातून बाजूला सारतं आणि घरचे त्याला खोडकर ठरवतात. ताप, उलट्या, मोठा उपास किंवा दम्यासाठी दिलेलं स्टिरॉइड असं निमित्त होतं आणि मूल अचानक गुंगतं, विचित्र वागतं. बरं झाल्यावर "पित्त झालं होतं" म्हणून विषय संपतो. पुन्हा पुन्हा असं होत असेल, तर त्या अवस्थेतच, बरं झाल्यावर नव्हे, अमोनिया तपासा. पाय हळूहळू कडक होत जाणाऱ्या, सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसलेल्या काही मुलांत खरं कारण आर्जिनेजची कमतरता असतं.

ओटीसी एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलग्यांत तीव्र असते, पण मुली नुसत्या वाहक असतात असं समजू नये. एरवी निरोगी बाई बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर बाहेरची बाधा उतरवण्याआधी आणि मानसोपचाराची गोळी सुरू करण्याआधी तिचाही अमोनिया बघावा.

घरी आल्यावर: स्वयंपाकघरातला हिशोब

प्रथिनं पूर्ण बंद करायची नसतात. वाढीला लागतील तेवढी, आणि तेवढीच. पहिल्या महिन्यात किलोमागे दिवसाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, दोन वर्षांच्या मुलाला एक ग्रॅमच्या किंचित खाली, हा सर्वसाधारण सुरक्षित पाया. तुमच्या मुलाचा आकडा आहारतज्ज्ञ त्याच्या रक्त-तपासण्यांवरून ठरवतात, आणि गरज पडल्यास आवश्यक अमिनो आम्लांची खास पावडर जोडतात.

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा हवाच. १०० मिली आईच्या दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिनं, गाईच्या दुधात ३, म्हशीच्या दुधात ४ च्या आसपास. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅम, ज्वारीच्या पिठात १०, तांदळात ७-८, बटाट्यात दोनपेक्षा कमी. साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. उपासाचा साबुदाणा अशा मुलाला वरदान ठरतो, अट एवढीच की दाण्याचं कूट घालायचं नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे डाळीहूनही जास्त. आरारूट, तूप-तेल, साखर, गूळ यांनी उष्मांक भरून काढता येतात.

खरा उपास मात्र या मुलानं करायचा नाही. चतुर्थी असो, एकादशी असो, की "आज भूक नाही" असो. रात्रीचं अंतरही लांबू देऊ नये.

आजारपणाच्या दिवसाचा बेत

ताप, जुलाब, लस घेतल्यानंतरची कणकण, दात काढणं, छोटी शस्त्रक्रिया: अशा दिवशी शरीर स्वतःलाच खातं. बेत आधीच लिहून फ्रिजवर चिकटवा. प्रथिनं थांबवायची आणि ग्लुकोज पॉलिमरचं (ग्लुकोजच्या साखळ्यांच्या पावडरीचं) पाणी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, द्यायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला १० टक्के, एक ते दोन वर्षांत १५, त्यापुढे २०, दहा वर्षांनंतर २५ टक्के, असं प्रमाण साधारण वापरतात. आपल्या मुलाचं डॉक्टरांकडून लिहून घ्या. साध्या ओआरएसमध्ये एवढे उष्मांक नसतात. नेहमीची औषधं चालूच. औषध उलटून पडत असेल, मूल पेंगत असेल किंवा एरवीसारखं वागत नसेल, तर घरी थांबायचं नाही. एरवीसारखं नाही, हे आईलाच सगळ्यांत आधी कळतं, तिचं ऐका. लसी मात्र सगळ्या वेळेवर द्यायच्या.

एक पत्र कायम बरोबर हवं: आजाराचं नाव, वजन, औषधांच्या मात्रा, "अमोनिया ताबडतोब तपासा, दहा टक्के ग्लुकोज ताबडतोब सुरू करा, व्हॅल्प्रोएट व स्टिरॉइड टाळा", आणि आपल्या तज्ज्ञांचा फोन. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला हा आजार पुस्तकातच माहीत असतो. पत्र दाखवताना संकोच करू नका. एक प्रत गावी आजोळीही ठेवा; आजारपण सुट्टी बघून येत नाही.

यकृत बदलणं, आणि त्यापुढचं

तीव्र आजारात यकृत प्रत्यारोपणानं चक्र पुरं होतं आणि आहाराची बंधनं सुटतात. पण झालेलं मेंदूचं नुकसान त्यानं भरून येत नाही, म्हणून योग्य असेल तर ते पहिल्या वर्षातच करण्याकडे कल असतो. आई ओटीसीची वाहक असेल तर दाता म्हणून तिचा विचार फार जपून करतात. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात युरिया चक्राचे आजार येतात, प्रत्यारोपणासाठीही आणि खास आहारासाठीही. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे नोंदणी लवकर करा, कागदपत्रांना वेळ लागतो.

२०२५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात सीपीएसची तीव्र कमतरता असलेल्या एका बाळाला त्याच्या स्वतःच्या जनुकदोषासाठीच बनवलेलं जनुक-संपादनाचं औषध दिलं गेलं. बातमी आशेची आहे. पण तेही बाळ तिथवर पोचलं ते अमोनिया वेळेवर तपासला आणि उतरवला गेला म्हणूनच.

पुढच्या बाळाआधी

एखादं बाळ गेलं तर त्या क्षणी नमुन्याचं बोलणं कठोर वाटतं. तरी विचारावं. ईडीटीए नळीत दोन मिली रक्त आणि गोठवलेला प्लाझ्मा व लघवी ठेवली नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडायचं. बहुतेक दोषांत आईबाप दोघं वाहक असतात आणि दर गरोदरपणात धोका चारांत एक. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नांत अशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. ओटीसीत आई वाहक असेल तर दर मुलग्याला धोका दोनांत एक. दोष माहीत असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करता येते. लिंगनिदानबंदीचा १९९४ चा कायदा नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी केलेली अशी तपासणी रोखत नाही, हे पुष्कळ जोडप्यांना ठाऊक नसतं.

बाळंतपण डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवा. बाळ जन्मल्यावर लक्षणांची वाट बघायची नाही. अमोनियाची नळी, बर्फ आणि ग्लुकोजची बाटली प्रसूतिगृहाच्या टेबलावर आधीच मांडलेली असावी, आणि पहिला नमुना काही तासांतच घ्यायचा, बाळ छान गुलाबी दिसत असलं तरी.